नायब

आमच्या मंडणगडात नायब म्हणजे
तहसीलदार रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत बसणारा,
एरवी फेरफाराच्या वह्यांत शिंकणारा बापडा.
माझे वडील त्याचे शिपाई.
म्हणून रास अल-खैमात पहिल्या दिवशी
दारावरची पाटी वाचली, अन्-नाइब अल्-आम,
तेव्हा वाटलं, चला, ओळखीचा हुद्दा निघाला.

आत अख्ख्या अमिरातीचा सरकारी वकील.
खल्फान बिन मुसब्बह. कैरोत कायदा शिकलेले,
बाप गलबतावरचा नाखवा.
खणात वेलदोड्यांची डबी.
फाइल शेवटच्या पानापासून वाचायची सवय,
म्हणजे आपलं पुस्तक उघडतं त्या बाजूने.
"सह्या आधी बघाव्यात, मुजावर.
मजकूर लिहिणारा पगारी असतो."

एकदा धीर करून विचारलं, नायब खरा, पण कुणाचा?
त्यांनी खिडकीकडे मान केली.
बाहेर उन्हात रांग होती, निळे डगले, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या.
"आम लोकांचा," म्हणाले.
मी ते मराठीत ऐकलं: आमचा.

खोर खुवैरच्या खाणीतला अनंत खांबे
उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझी तक्रार आहे."
माझ्या तोंडून तो शब्द तसाच गेला.
साहेबांची भुवई वर.
त्यांच्या भाषेत तक्रार म्हणजे पुन्हा. तेच ते, परत.
"पुन्हा? आधी कुठे सांगितलंय याने?"
चूक सुधारायच्या आधी मी अनंताला विचारून बसलो.
फोरमनला, म्हणाला. कॅम्पच्या बॉसला. दोनदा ऑफिसात.
एका पठाण ड्रायव्हरला, तो निदान ऐकून घ्यायचा.
मग मी दोन्ही अर्थ सांगितले.
कारकुनाने कोणता लिहिला, ठाऊक नाही.

कंपनीचा कागद सांगत होता, अकरा महिन्यांचा पगार पोचला,
खाली उजवा अंगठा, तारीख सफर महिन्यातली.
जबाबाखाली ठसा घ्यायला मी शाईचा पॅड सरकवला.
त्याने डावा हात पुढे केला.
उजवा, म्हटलं.
उजवा त्याने खिशातून काढला.
आदल्या रमजानातच क्रशरने अंगठा नेला होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. एसी टपकत होता.
कंपनी साहेबांच्या मेहुण्याची.
संध्याकाळी खजुराची पेटी आली,
ती बाहेरच्या बाकावरच राहिली, शिपायांनी वाटून खाल्ली.
सकाळी खटला दाखल.

पण सगळंच असं नाही, उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको.
नेल्लूरची एक बाई, मालकाच्या घरातून अनवाणी पळालेली.
तिच्या मोडक्या हिंदीचा तर्जुमा केला,
रडण्याचा करता आला नाही, नोंदवहीत त्याला रकाना नव्हता.
त्यांनी कलम वाचलं, सही केली.
रात्रीच्या विमानाने ती गेली.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "काल मी बरोबर होतो."
दुपारी पुन्हा म्हणाले.
निघताना, गाडीचं दार धरून, तिसऱ्यांदा.
तक्रार, मी मनात म्हटलं,
आणि कुठल्या भाषेत म्हटलं ते माझं मलाच कळेना.

निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली.
परवा मासळीबाजारात भेटले, हातात शेरी माशांची पिशवी,
पाणी गळतंय, चपला भिजल्यायत.
एवढ्यात एक पोरगा आला, चितगावकडचा असावा,
चार घड्या घातलेला कागद पुढे धरून.
"मी आता कुणी नाही, सांग त्याला," साहेब अरबीत म्हणाले.
पोरगा माझ्याकडे बघू लागला.
मी हिंदीत सांगितलं,
"साहेब विचारतायत, आधी कुठे कुठे सांगितलंस?"

साहेबांना हिंदी कळते.
एकवीस वर्षं मला ते ठाऊक आहे.
त्यांनी मासे माझ्या हातात दिले
आणि चष्मा शोधायला लागले.