तीस नग

माझे वडील, भिकाजी सकपाळ,
महापालिकेत रात्रपाळीला उंदीर मारायचे.
एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी,
मशीद बंदरच्या गोदामांमागच्या घरगल्ल्यांत
रबरी बूट घालून मांजरीच्या चालीनं.
सकाळी वॉर्डात तीस नग मोजून द्यायचे.
एकोणतीस भरले तर रात्र फुकट.

कमी पडले की एखादी चिचुंद्री मिसळायचे.
'झुरळं खाते बिचारी, तिचा काय गुन्हा,' म्हणायचे
आणि त्या दिवशी जेवायला उशिरा बसायचे.

मी परळला काचपट्ट्या रंगवते.
मेंदूचा काप, केसाहून पातळ.
त्यात तपकिरी डाग,
डागांभोवती फांद्या आखडून बसलेल्या
पहाऱ्याच्या पेशी.
त्यांना कुणी शिकवत नाही. जन्मतःच येतं त्यांना.
नाव-गाव विचारत नाहीत,
वास आला की धावतात.
आमच्या पाटणकर मॅडम म्हणतात,
डागसुद्धा आधी जाळंच असेल कदाचित,
जंतू धरायला टाकलेलं.
खात्री नाही अजून, म्हणतात,
आणि चष्मा पुसतात.

मला खात्री आहे ती एवढीच,
की पाळी संपल्याचं त्यांना कुणी सांगत नाही.
मग त्या पेशी-पेशींमधले सांधे हुंगत फिरतात.
कुणीतरी खडूनं खूण केलेली असते सांध्यावर,
खूण दिसली की खायचं.
आईचं नाव असेल तिथं,
नाहीतर बूट कुठल्या पायात कुठला, ते.

भांडुपच्या खोलीत रात्री अडीचला
बाबा उठतात.
लाटणं घेतात, बॅटरी घेतात,
मोरीपाशी दबा धरतात.
परवा फिल्टर फुटला. काल माझा अंगठा.

आज उजेड थेट माझ्या तोंडावर.
'कोण आहे?'
'मी. रंजू.'
नाव त्यांच्यापर्यंत पोचलं नाही,
वाटेत कुठंतरी खाल्लं गेलं.
लाटणं वर गेलेलं.

मग मी मुकादमाच्या आवाजात म्हणाले,
'सकपाळ, तीस भरले. घरी जा.'

हात खाली आला.
केवढा दमलेला होता तो हात.
लाटणं त्यांनी नीट भिंतीला टेकवून ठेवलं,
हजेरीच्या वहीसाठी अंगठा पुढे केला,
मी माझ्या तळव्यावर टेकवून घेतला.

बॅटरी मात्र विझवली नाही.
माझ्याकडे पाहत राहिले बराच वेळ,
आणि हळूच विचारलं,
'साहेब, त्यात चिचुंद्री तर नाही ना?'