सोळास एक

ट्रॉनहाइमच्या टेकडीवर आमचं पाणी राहतं
एका लांब, अरुंद, बिनखिडक्यांच्या खोलीत.
इथं वारा येत नाही.
लाट मागवावी लागते,
उंची आणि अवधी लिहून, खाली सही करून.

आयलिफ मेणाच्या नावा घडवतो.
कढईतलं मेण तेच, तीस वर्षांचं.
ते कधी तेलवाहू झालं, कधी फेरीबोट,
एकदा कुण्या धनिकाची यॉट, जी पुढं कुणी बांधलीच नाही.
चाचणी संपली की नाव परत कढईत.
मेणाला काही आठवत नसतं, असं तो म्हणतो,
आणि जेवताना मधेच आपली बोटं हुंगतो.

या खेपेला 'टेर्ना' होती.
वेस्टेरोलनची मासेमारी नाव, बावीस मीटरची,
फेब्रुवारीत उलटली. माणसं चार.
चौकशी समितीला हवं होतं
पाणी नेमकं कुठं मुरलं ते.
आम्ही केली सोळास एक.
माझ्या दोन हातांच्या पसाऱ्यात मावली.

गुडनी आली. तांडेलाची बायको.
कोट काढला नाही, कॉफीला नको म्हणाली,
वाकून बघत राहिली.
नाळेवर ही वाळू कशाला चिकटवता?

सांगितलं : नाव लहान करता येते,
पाणी नाही करता येत.
इवल्या नावेला ते फार गुळगुळीत लागतं.
खऱ्या समुद्राची खरखर तिला कळावी
म्हणून ही चिमूटभर वाळू.

आमच्या लग्नात कुणी लावली असती तर बरं होतं,
ती म्हणाली.
हसावं की नाही, कुणालाच कळेना.

दर फेरीनंतर वीस मिनिटं थांबायचं,
पाणी मागची लाट विसरेपर्यंत.
तेवढ्यात तिनं आराखडा पुढ्यात ओढला,
चष्मा पुसला.

तेरा फेऱ्या झाल्या.
गाडा रुळांवरून टेर्नाच्या डोक्यावर चालत राहिला,
तिला न शिवता.
तेराही वेळा ती कलली,
डेकवरचं पाणी झटकलं, उभी राहिली.
आयलिफला बरं वाटलं असावं.
त्यानं तोंड फिरवलं.

मग तिनं कागदावर बोट ठेवलं.
या मोऱ्या. कठड्याच्या. पाणी बाहेर जायच्या.
सहा दाखवल्यात.
ओडमुननं चार बुजवल्या होत्या,
ऑक्टोबरात, वेल्डिंग करून.
मासळी वाहून जायची ना त्यातून.
बॅटरी मीच धरली होती.

कुणी लिहून घेतलं नाही, लगेच तरी.
आयलिफनं मेणाचा गोळा तळव्यात मऊ केला
आणि अंगठ्यानं
एक, दोन, तीन, चार.

चौदावी फेरी.
पहिली लाट आली तशी गेली. दुसरीही.
तिसरी डेकवर चढली आणि तिथंच राहिली.
असून असून किती, चार तांबे पाणी.
घाई नव्हती त्याला.
एका कुशीवर सरकलं,
आणि नाव त्याच्या मागं गेली,
हाक मारल्यासारखी.

पिवळं पोट वर.
अकरा सेकंद.

सांगायला नको होतं मी.
पण तिनं विचारलं, आणि मोजणं हाच माझा धंदा :
लांबी सोळापट, तर वेळ चौपट.
इथले अकरा म्हणजे तिथले चव्वेचाळीस.

अहवालात तो आकडा आहे, कोष्टक सातमध्ये.
बॅटरीचा उल्लेख नाही.

गाडा परत आला. कुणीतरी लाटयंत्र बंद केलं.
आयलिफ गुडघाभर पाण्यात उतरून
नाव उचलत होता, दोन्ही हातांनी, मानेखाली हात घालावा तशी.
गुडनी जागची हलली नव्हती.
तिचे ओठ हलत होते.
जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं :
सव्वीस. सत्तावीस.

तिशीनंतर
तिनं सावकाश मोजायला घेतलं.