फुगा न फोडता

शाळेच्या व्हरांड्यात चारशे लिटर उष्ण समुद्र आहे
आणि त्याच्या झाकणाची किल्ली माझ्याकडे.
ईसाफ्योर्दुरला नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारीच्या शेवटालाच तोंड दाखवतो.
तेवढे दिवस गावातलं ऊन या काचेत,
रोज दहा तास, टायमर लावून.

मग ज्याला त्याला इथंच वाढायचं असणार.

आधी दिसला एक हिरवा मणी,
दगडाच्या बेचक्यात, काचेसारखा.
मला वाटलं कुणाच्या गळ्यातला तुटून पडला.
आठवड्यात सात झाले.
एकवीस वर्षं ट्रॉलरवर काढली मी,
जाळ्यात येईल त्याला नावानिशी ओळखायचो.
हे ओळखेना.
विज्ञानाच्या बाईंचं भिंग मागून आणलं
आणि कुरकुरत्या गुडघ्यांवर बसलो.

मणी असेल तर दाबायचा नाही,
एकाच्या पोटात शेकडो असतात.
नखानं बूड सैल करायचं, नळीनं ओढायचा, अख्खा.
पिसासारखं मऊ, गर्द असेल
तर उपटून काही होत नाही,
तो दगडच बाहेर काढावा लागतो.
आणि वेलासारखं जे धावतं
ते तोडलं की दोन होतं,
शिक्षकांच्या खोलीतल्या बातमीसारखं.

रेक्याविकहून एक हिरवा खेकडा मागवला, मणी खाणारा.
वाऱ्यामुळं विमान दोनदा परत फिरलं.
तिसऱ्यांदा तो उतरला, दमून,
आणि माशांचं खाणं खाऊ लागला.

म्हणजे मीच.
घंटेच्या आधी, बाही खांद्यापर्यंत सारून.
क्लाउन मासा मनगटाला ढुशा देतो,
घर त्याचं, चोर मी.

काढलेलं फ्योर्डमध्ये टाकत नाही,
बादलीत उकळतं पाणी ओततो त्यावर.
धक्क्यावर आई सोल वाळवायची, तांबडं, खारट.
लोण्याबरोबर ते चघळतच आम्ही वाढलो.
तेही शेवाळच की.

कितीही काढा, सोमवारी तेवढंच.
पाणी तपासलं, नळी बिटासारखी लाल.
नायट्रेट. कुणीतरी खायला घालतंय.
मी तर दिवसाआड चिमूटभरच घालतो.

मधल्या सुट्टीत झाडू घेऊन दाराआड उभा राहिलो.

यागोदा. तिसरीतली. ऑगस्टमध्ये आली,
आईबाप मासळीच्या कारखान्यात.
बाकीची पोरं बर्फात,
आणि ही झाकणाच्या फटीतून पाव कुस्करत होती.
ओठ हलत होते. पोलिश असावी.
मासे वर येऊन ऐकत होते.

रागवायला शब्द होते माझ्याकडे,
सगळे तिला न कळणारे.

दुसऱ्या दिवशी स्टूल ठेवलं,
जुना टूथब्रश दिला, नळीचं टोक दिलं.
पहिलाच मणी तिच्या हातून फुटला.
तिनं वळून पाहिलं.
जाळं फाटलं की कप्तान बघायचा
तसं बघणं मला जमतं. नाही बघितलं.
ती म्हणाली, ‘ग्लॉन’.
मी म्हणालो, ‘थोरुंगुर’.
वस्तू एकच, हिरवी, आम्हा दोघांनाही नकोशी.
दुसरा मणी अख्खा आला.

आता पाव बंद. तो ती स्वतः खाते,
माझ्या खोलीत, माझ्या किटलीशेजारी.
नळीतला लाल आता गुलाबीवर आलाय.
गेलं का शेवाळ? नाही.
दगडामागं ते आहे, आम्हाला माहीत आहे.

पंचविसाव्या तारखेला डोंगराच्या खाचेतून ऊन आलं.
घरोघरी सूर्याची कॉफी, शाळेत पॅनकेक.
तिरकी तिरीप काचेवर पडली
आणि आम्ही घासून चकचकीत केलेल्या काचेवर
जिथं तिथं हिरवं दिसलं.
यागोदा मोठ्यानं हसली.
हातात अर्धा पॅनकेक होता.
तिनं झाकणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि तो खिशात घातला, साखरेसकट.

मी टायमर एक तासानं कमी केला.