सव्वीस जास्त

शुक्रवारी सोहारमध्ये दुपारपर्यंत रस्ते निजलेले असतात.
तेवढ्या वेळात माझे पुढचे डबे होतात.
मेथीचे पराठे अर्धे भाजायचे,
दोघांच्या मध्ये बटर पेपर घालायचा.
खिम्याचे पॅटिस ताटलीत सुटे मांडून
आधी दगड होऊ द्यायचे, मग पिशवीत भरायचे,
नाहीतर एकमेकांना असे बिलगतात
की पहाटे पावणेसहाला सुरी वाकते.

काकडी गोठत नाही. म्हणजे गोठते,
पण मग ती काकडी राहत नाही.
बटाटा रवाळ होतो.
ओल्या नारळाचं मात्र कुठेही बरं चालतं.
हे नऊ वर्षांत शिकले मी,
एकेक डबा तसाच परत आला तेव्हा.

प्रत्येक पिशवीवर इम्तियाजने बंदरातून आणलेली पिवळी टेप.
टेपवर वार, नाव, सूचना:
रुमाना, दोन. जैद, मिरची नको.

यंदा मी जरा हावरटपणा केला.
बाजारात मेथी स्वस्त होती,
चौसष्ट पुड्या भरून ठेवल्या.

तो गुरुवारी सकाळी अकराला घरी आला.
बूट न काढता आत आला, उभ्यानेच पाणी प्यायला,
म्हणाला, सदतीस जणांना.
मी कणकेचे गोळे करत होते.
कणीक थांबत नाही कुणासाठी.
मी अजून चार गोळे केले,
मग हात धुतले.

तिकीट चोवीस तारखेचं मिळालं.
तोवर शाळेचे दिवस एकोणीस, मुलं दोन,
म्हणजे अडतीस.
सव्वीस जास्त.
बँकेचा, घरभाड्याचा, शाळेच्या दाखल्याचा
हिशेब इम्तियाज रात्री करत बसतो,
त्यात माझा हा आकडा कुठे मांडू?

म्हणून रात्रीचं जेवण डब्यातलं.
रुमाना म्हणाली, मग डब्यातच वाढ.
चौघं सतरंजीवर बसलो, झाकणं उघडून,
जैदने तोंडानेच घंटा वाजवली.
इम्तियाजकडे डबा नव्हता,
त्याने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात खाल्लं,
आणि खूप दिवसांनी
घासाकडे बघून खाल्लं.

हा फ्रीझरही असाच एका घराकडून घेतलेला,
तेही घाईत निघालेले.
तळाशी त्यांची एक पिशवी राहिली होती,
वर मल्याळीत काहीतरी लिहिलेलं,
अक्षर गोल, घाई नसलेलं.
मी ती न उघडता टाकून दिली.
आता वाटतं, वितळवून बघायला हवी होती,
निदान वास तरी घ्यायला हवा होता.

शेजारची लिजी पंधरा रियालला घेते म्हणाली.
तिने भाव केला नाही
म्हणून मला वाईट वाटलं.
तिला ते मल्याळी अक्षर दाखवता आलं असतं,
पण ती तेव्हा सोहारमध्ये नव्हती,
आणि मी तिला ओळखत नव्हते.

शेवटच्या दोन पुड्या
शाळेच्या बसवाल्या बशीरच्या हातात दिल्या.
त्याने विचारलं, गरम करून खायचं ना?
मी हो म्हणाले, आणि मग
तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून,
सगळं सांगत सुटले.
मागे हॉर्न वाजायला लागले.

बाहेर चव्वेचाळीस.
स्वयंपाकघरात प्लग काढलेला फ्रीझर,
दार उघडं, आतून थेंब थेंब,
मग फरशीवर एक पातळ धार.
जैद तिच्यात अनवाणी उभा,
गार आहे, गार आहे, करत.

कपड्याने आतला बर्फ पुसताना
एक पट्टी सुटेना.
नखाने खरवडली, गरम पाणी टाकलं,
टेपचा एक कोपरा उचलला, बाकीची तशीच.
रविवार. जैद. मिरची नको.

लिजीचा नवरा ट्रॉली घेऊन आला
तेव्हा मी दार लावून घेतलं.
तिला दोन मुली आहेत.
तिखट खातात बहुतेक.