पाळी

कोपरखैरणे, सेक्टर पाच. रात्रीचा दीड.
खाली गल्लीत कुणाचा तरी टेम्पो
रिव्हर्स घेताना तीच ती धून वाजवतोय
आणि मी चौसष्ट घरांना आकडे वाटतेय.

पांढरा घोडा इथे, एक आकडा.
तोच घोडा तिथे, दुसरा.
बारा तऱ्हेचे मोहरे, सातशे अडुसष्ट आकडे,
लांबलचक, बिनअर्थाचे, सोडतीत निघाल्यासारखे.
मोहरा उचलला की त्याचा आकडा पुन्हा मिसळायचा,
तो आपोआप पुसला जातो,
जसा कधी बसलाच नव्हता.

सगळ्यांचा मिळून एक आकडा उरतो. तो डावाचा पत्ता.
तिथे लिहून ठेवायचं, किती खोल पाहिलं, काय निघालं.
आधी उंट मग प्यादं, की आधी प्यादं,
टेबलाला त्याचं काही नाही.
पोचलात ना? हे घ्या उत्तर.
चाळीस सेकंदांचं काम तीनवर आलं.

सिडकोनं तरी दुसरं काय केलं?
सेक्टर, टाईप, रूम नंबर.
कोण पाटणहून आलं, कोण जुन्नरहून,
पाटी विचारत नाही.
फक्त कधीमधी सेक्टर पंधरातल्या आमच्याच नंबराचं
वीजबिल आमच्या दाराखालून आत सरकतं.
मग नाव ताडून बघायचं.
टेबलातही बघावं लागतं.

एवढं करून इंजिन हरत होतं.
हातातला डाव, आणि खुशाल वजीर देऊन मोकळं.
तीन रात्री गेल्या.
मोहरे सगळे धरले होते मी,
पाळी कुणाची, तेच धरायचं राहिलं होतं.
पट तोच, पण हलायचं कुणी?
मी दोघांना एकच उत्तर देत होते.

एक आकडा वाढवला. सातशे एकोणसत्तरावा.
किल्लेकोटाचं उद्या बघू.

निवासदादा घणसोलीला असतो, रिक्षानं पंधरा मिनिटं.
खोलीच्या कागदांवरून बोलणं थांबलं, दोन वर्षं झाली.
आधी कोण काय म्हणालं
याचा क्रम आई अजून लावत बसते,
दर वेळी वेगळा लागतो.
दादाला वाटतं माझी पाळी.
मला वाटत होतं त्याची.

इंजिन आता नीट खेळतंय.
पावणेदोनला कुणी कुणाला फोन करत नाही.
भाजी मार्केटसाठी दादा तीनला उठतो.
चहा टाकते.