शेरा

झाडांना आकडे देणं हे माझं काम होतं, रोजंदारीवर.
डोंगराची एक सोंड आरेकडे उतरते,
तिच्यावरून नवा रस्ता जाणार होता.
पिवळा ऑइलपेंट, एक इंची ब्रश
आणि वहीत पाच रकाने :
क्रमांक, नाव, घेर, उंची, शेरा.

फूटभर घेर नसेल तर धरायचं नाही,
साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं.
म्हणून कारवी नाही.
सात पावसाळे गप्प राहून ती एकदाच फुलते,
पण तिचा घेर मनगटाएवढाही नाही.
गारंबीचा वेल चांगला मांडीएवढा,
चार झाडांना एकत्र बांधून उभा,
त्यातली चारही झाडं लिहिली,
वेलाला रकाना नव्हता.
आंब्याच्या बेचक्यातली आमरी, तिच्या मुळांतले मुंगळे,
सालीवरची दगडफुलं,
सगळं एका आकड्याच्या आत गेलं.
दिवसाला नव्वद झाडं व्हायची.
रंग नखांतून रॉकेलनेही निघत नसे.

अकराशे सत्तेचाळीस होता काकड.
"याला नको लिहू," मागून चैती वरठा म्हणाली.
डोक्यावर पाटी, पाटीत शेवळं,
मिटलेल्या छत्र्यांसारखी, जांभळट, मातीसकट.
मी विचारलं, "का? देव आहे का यात?"
"देव तिकडं, ओहळापाशी, वाघोबा.
त्याच्या झाडाला तर कालच लिवलास तू."
ती हसली नाही, मीच हसलो.
"हा शेवळांचा उतारा.
हा नसंल तर शेवळं घशाला धरतात."

मला माहीत होतं ते.
गोरेगावला पुलाखाली ती पाच शेवळांची जुडी विकायची
आणि वर मूठभर काकडं, आंबट, हिरवी,
न मागता. त्याचे पैसे वेगळे नसत.
जमिनीतला कंद खाज घेऊन येणार,
आणि त्याच आठवड्यात वर फांदीला
तिच्यावरचं औषध पिकणार.
हे कुणी ठरवलं, कुठल्या बैठकीत,
कुणाच्या सहीने?

वही उघडी होती. घेर एकशे बारा. उंची नऊ मीटर.
शेऱ्यात मी लिहिलं : पुनर्रोपण.
तेवढंच माझ्या हातात होतं,
असं मी तेव्हा म्हणत असे.

क्रेनने उचलून नेला त्याला
खाडीकडच्या एका प्लॉटवर.
मार्चमध्ये सुट्टी काढून बघायला गेलो.
बुंध्याला गोणपाट, गोणपाटाला सुतळी,
आकडा मात्र ठळक. माझंच अक्षर.
नखाने साल खरवडली, आत हिरवं असेल म्हणून.
आत तपकिरी.
थोडं वर खरवडलं.
तिथेही.
वॉचमन म्हणाला, पाणी घालतो की रोज, टँकरचं.

जूनच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला,
खडी आणि मुरमाच्या भरावातून
शेवळं वर आली.
कंदाला आकडा नव्हता,
त्यामुळे त्याला तोडायचं कुणाच्या यादीत नव्हतं.

पुलाखाली चैती होती. जुडी घेतली.
"काकडं?"
ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाली,
"चिंच घाला. आमसूल घाला. जास्त घाला."

वैदेहीने पिवळा दांडा काढला, बारीक चिरली,
चिंचेचा दाट कोळ, वालाचे दाणे, खोबरं,
सगळं तिच्या आईच्या पद्धतीने,
एक वस्तू सोडून.
पहिल्या घासाला दोघं गप्प.
दुसऱ्याला तिने पाणी घेतलं.
मी ताट संपवलं.

रात्रभर घशात कुणीतरी
बारीक काटे टोचून मोजणी करत होतं.

सकाळी ऑफिसात साहेब म्हणाले, "आवाजाला काय झालं?"
"शेवळं खाल्ली."
"म्हणजे काय?"
सांगायला गेलो, खोकलाच आला.
त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली
आणि तिच्यामागोमाग नवी वही.
पुढचा टप्पा, टेकडीची पलीकडची बाजू.
रकाने तेच, पाच.