खिजगणती

ही रेघ माझ्या हातची.
साल सत्त्याऐंशी, बिस्मार्क, मोटेलची मागची खोली,
कॉफी संपलेली, बाहेर गुडघाभर बर्फ,
आणि समितीत मी सगळ्यात धाकटा
म्हणून पेन्सिल माझ्याकडे.
नववी ते बारावी मिळून साठ पोरं,
तर नऊ जणांचा फुटबॉल संघ.
एकही वर गेलं, तर अकरांचा,
मोठ्या शाळांशी.

साठच का, कुणी विचारलं नाही.
पंचावन्न म्हटलं असतं तर रॉल्फ उठून गेला असता,
पासष्टला दुसरं कुणीतरी.

पण कारण होतं, खोटं कशाला बोलू.
आदल्या हिवाळ्याआधी आमची चौदा पोरं
शहरच्या बावन्नांपुढे उभी राहिली होती.
बहात्तर-शून्य.
तिसऱ्या सत्रात लार्स एंगेनचं गळ्याजवळचं हाड मोडलं,
तो आवाज मला बाकावर ऐकू आला.
कोरड्या काटकीचा नाही,
ओल्या लाकडाचा, सावकाश.

तर यंदा सप्टेंबरात
बीटसाखरेच्या कारखान्यात कामाला एक कुटुंब आलं,
थायलंडच्या सीमेवरच्या छावणीतून. कारेन लोक.
तीन मुलं: पॉ थू, सॉ वाह, एह डो.
शाळेत अठ्ठावन्न होती.

बायका पहिल्याच आठवड्यात बटाट्याचं भाजलेलं घेऊन गेल्या.
आमच्याकडे कुणी वाईट बोलत नाही.
फक्त कॅफेत कुणीतरी कप फिरवत म्हणालं,
पंधरा दिवस उशिरा आले असते तर
काय बिघडलं असतं.
बाकीच्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
ज्यांना कालपर्यंत कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं
ती आज गणतीत आली होती,
नेमकी तिथेच नको होती.

तिघांतलं एकही फुटबॉल खेळत नाही.
एह डो वेताचा चेंडू जिमच्या भिंतीवर
पायाने मारत बसतो, एकटाच. शंभर, दोनशे.

मोजणीच्या आदल्या दिवशी पॉ थू ऑफिसात आली.
उभीच राहिली.
"मिस्टर ट्वेट, उद्या आम्ही आजारी पडलो तर चालेल?"
मग म्हणाली, छावणीत मोजणी तांदळासाठी असायची,
त्या दिवशी शेजारचं बाळ उसनं आणायचो,
आई त्याला आपलंच नाव द्यायची.
"तिथे जास्त असलेलं बरं होतं.
इथे कमी असलेलं बरं, ना?"

मी फाइल उघडली. बंद केली.
म्हटलं, उद्या ये. भावांनाही आण.
एकसष्ट लिहिलं. शाईने.

नोव्हेंबरात समितीपुढे उभा राहिलो,
म्हटलं, जी पोरं खेळतात तीच मोजा.
टोकाचा हेडल म्हणाला,
ट्वेट, दोन हजार नऊ आठवतं?
हॉव्हरूडची शाळा. बासष्ट.
दोन पोरांसाठी आली होती गयावया करत.
तूच म्हणालास,
एकाला सोडलं की रेघ उरत नाही.

आठवतं.
शाळा बंद पडून सहा वर्षं झाली.
तिचा स्कोअरबोर्ड आता कुणाच्या तरी गोठ्याचं दार आहे.

निर्णय जानेवारीवर ढकलला.

परत आलो तर शनिवार होता. मोसमातला शेवटचा सामना,
मैदान आखायचं होतं.
दोरीचं एक टोक एह डोने धरलं,
चुन्याची गाडी मी ढकलली. चार इंच रुंद रेघ.
त्याने विचारलं, रेघेवर पाय पडला तर आत की बाहेर?
म्हटलं, बाजूची रेघ असेल तर बाहेर.
गोलची असेल तर, चेंडू नुसता टेकला तरी आत.
"चुना तोच?"
तोच.
तो हसला नाही. दोरी ताणून धरली,
आणि मी पुढे चालत राहिलो
जिथपर्यंत चुना पुरला.